लाईन आली

मार्च सरत आला की आमच्या चंद्रपुरात गल्लोगल्ली एकच आवाज सुरू होतो. वर्षभर गच्चीवर नाहीतर जिन्याखाली उपडे पडलेले कुलर ओढत बाहेर काढतात, आणि त्यांचा पत्रा फरशीवर करकरत जातो. कोणी नळी धरून धूळ धुतं. कोणी टबात मेलेली पाल चिमट्याने उचलून फेकतं. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत रस्त्याच्या कडेला ढिगाने पडतं, आणि दोन दिवसांत खिडकीखिडकीतून ओल्या वाळ्याचा वास येऊ लागतो. इथल्या माणसाला त्या वासासारखं सुख नाही. बाहेर डांबर पघळत असतं, पाखरं नळाच्या तोटीखाली चोच उघडी टाकून बसलेली असतात, आणि आत अंधाऱ्या खोलीत तो गार, मातकट वास. लोक डोळे मिटून तो छातीत ओढून घेतात.

मी त्या खिडक्यांखालून जरा भरभर चालते.

ज्या उन्हाळ्यात मी मोठी झाले, तो सगळा उन्हाळा या वासात गेला. मी सोळा वर्षांची होते. दहावीचा शेवटचा पेपर देऊन सिंदेवाहीजवळच्या आमच्या खेड्यातून एसटीने चंद्रपूरला आले होते, दादाकडे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ गजानन, रहीमचाचांच्या दुकानात कुलर बनवायचा. आमची धानाची शेती एका घराला पुरेल एवढीच, म्हणून तो बारावीनंतर शहरात आला आणि पत्रा कापायला शिकला. त्या वर्षी तो पंचविशीत होता आणि त्याच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सुनीतावहिनी जिवतीकडची, डोंगरावरची. ती एकवीस वर्षांची. दुकानात दादाच्या बरोबरीने काम करणारा सलीमभाई हा चाचांचा मुलगा, दादापेक्षा थोडा लहान. आणि त्याची बहीण नसरीन, जिचं लग्न ठरलं होतं आणि सीझन संपला की होणार होतं.

ही चार माणसं आणि मी. चौघंही मला तेव्हा फार मोठी वाटायची. आज हिशेब केला तर कळतं, ती सगळी पोरंच होती.

वहिनीने मला पहिल्याच दिवशी 'बाई' म्हटलं. नवऱ्याची बहीण वयाने कितीही लहान असली तरी आमच्याकडे तिला बाई म्हणतात, हे मला माहीत होतं. पण लग्नात आमचं धड बोलणं झालं नव्हतं, आणि मला कोणी कधी तसं म्हटलं नव्हतं. घरी मी पोट्टी होते, शाळेत रजनी. एसटी स्टँडवर माझ्या हातातली पिशवी घेत ती म्हणाली, "बाई, तुम्ही थकल्या असान. चला, घरी माठातलं पानी देतो." मी मागे वळून पाहिलं, माझ्या मागून कोण आलं म्हणून. ती हसायला लागली ती घर येईपर्यंत हसत राहिली.

घर म्हणजे एक खोली. दुकानाच्या समोर, गल्ली ओलांडली की. सकाळी दादा आणि सलीमभाई दुकानासमोर पत्रा ठोकायला बसत, आणि आम्ही तिघी चाचांच्या ओसरीवर ताट्या भरायला. ताटी म्हणजे कुलरच्या तिन्ही बाजूंना बसते ती जाळीची चौकट. तिच्यात वाळा नाहीतर लाकडाचं बारीक कातरलेलं गवत सारखं पसरायचं, वरून दुसरी जाळी दाबायची आणि तारेने शिवून टाकायची. गवत कमी पडलं तर हवा गरम येते, जास्त झालं तर हवाच येत नाही. नसरीनचा हात त्यात बसलेला होता. माझ्या बोटांना तारा टोचायच्या आणि रात्री भाकरी खाताना तिखट झोंबायचं.

बोलणं मात्र न थांबता चालायचं. नसरीन होणाऱ्या नवऱ्याची नक्कल करायची, तो फोनवर घसा कसा साफ करतो त्याची. वहिनी तिला लग्नानंतरच्या गोष्टी सांगायची, आणि मध्येच माझ्याकडे बघून थांबायची. नसरीन म्हणायची, "अरे, बताव ना भाभी, ये भी कभी तो सीखेगी." मग वहिनी आवाज खाली करून सांगायची आणि मी गवतात मान घालून ऐकायची. अर्धं कळायचं नाही. पण ओसरीवरून मला कोणी 'जा, खेळ' म्हणून उठवत नव्हतं, हेच माझ्यासाठी खूप होतं.

वहिनीने लग्नाआधी कुलर पाहिला नव्हता. तिच्या गावी उन्हाळ्यात विहीर तळाला जायची आणि बायका डोंगर उतरून झऱ्यावर जायच्या. हंडा घेऊन उतरायचं, वाटीवाटीने भरायचा, आणि परत चढायचं. लहानपणापासून तिचे उन्हाळे असे गेले होते. त्यामुळे पहिल्यांदा दुकानात कुलरमध्ये बादल्यांवर बादल्या ओतताना पाहिल्यावर तिला धसका बसला होता. "हा त बैलावानी पानी पेते," ती दादाला म्हणाली होती. "आन् देते काय? हवा!"

दादाने ते ऐकून ठेवलं असणार. मे महिना लागला. आमची खोली पत्र्याची, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. एकदा वहिनी चुलीसमोरून उठता उठता भोवळ येऊन बसली. त्यानंतर दादाने रोज दुकान बंद झाल्यावर थोडं थोडं काम करून एक कुलर बनवला. बॉडी एका गिऱ्हाइकाने बदल्यात टाकलेली, पंखा एकीकडचा, पाण्याची मोटर दुसरीकडची. त्याने त्याला निळा रंग दिला. वहिनीला सांगितलं नाही. एका रविवारी दुपारी तो आणि सलीमभाई तो उचलून खोलीत घेऊन आले.

"हे काय आनलं?" वहिनी म्हणाली.

"तुहा बैल आनला," दादा म्हणाला. "आता पाज त्याले पानी."

त्या दुपारी आम्ही पाचही जण त्या एका खोलीत कुलरसमोर बसलो. गुडघ्याला गुडघे लागले होते. सलीमभाईने टरबूज फोडलं. वहिनीने केस मोकळे सोडले आणि वाऱ्यावर ते सगळ्यांच्या तोंडावर उडत होते, आणि ती, जी पाण्याचा थेंब सांडू द्यायची नाही, वारंवार उठून टबात डोकावत होती. दादा तिच्याकडे बघत होता. माझ्या लक्षात आलं की मी दोन माणसांच्या मधलं काहीतरी पाहते आहे, जे आईबाबांत मी कधी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आयुष्यात मला इतकं गार त्यानंतर कधी वाटलेलं नाही.

दादाने तिला एकच गोष्ट चारचारदा सांगितली. "पानी भरताना बटन बंद करजो. बटन नाई, पिनच काढजो." ती तसंच करायची. मी पाहिलेलं आहे. पदराला हात पुसायची, बोर्डातली पिन काढायची, मग बादली उचलायची.

पण त्या दिवशी लाईनच नव्हती.

आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. गावाच्या टोकाला विजेचा कारखाना, त्याच्या उंच चिमण्या आमच्या गल्लीतूनही दिसतात, आणि तरी उन्हाळ्यात लाईन जायची. त्या दिवशी सकाळीच गेली. दादा आणि सलीमभाई छोट्या गाडीत कुलर लादून भद्रावतीला गेले होते, तिथल्या वसाहतीत बसवून द्यायला. चाचा आत खाटेवर ओला पंचा अंगावर घेऊन पडले होते. आम्ही तिघी ओसरीवर. गवताचा बारीक भुसा घामाला चिकटत होता. बोलायचंही त्राण नव्हतं कोणात.

वहिनी उठली. "लाईन नाई त पानी भरून ठेवतो," ती म्हणाली. "आली का लगेच थंडी हवा. बाई, तुम्ही एवढी ताटी झाली का या. नसरीन, तू बी ये."

ती गल्ली ओलांडून गेली. नळ दाराशीच होता. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. एक बादली. मग दुसरी.

आणि लाईन आली.

ती आली की गल्लीतली पोरं ओरडायची, "आली! आली! लाईन आली!" त्या दिवशीही ओरडली. कुठल्यातरी घरात टीव्ही मोठ्याने सुरू झाला. ओसरीवरचा पंखा फिरला, आणि नसरीन आणि मी दोघी हसत त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिलो. तिने ओढणी काढून हवेत धरली. तेवढ्यात समोर बादली पडली.

"भाभी, क्या गिराया?" नसरीनने विचारलं, हसतच.

पोरं अजून ओरडत होती.

आम्ही गेलो. कुलर चालू होता. खोलीभर गार हवा होती, आणि तोच वास. वहिनी कुलरला बिलगून बसल्यासारखी दिसली, एक हात टबाच्या कडेवर, आणि तिचा पदर वाऱ्याने फडफडत होता. मी धावले. माझा दंड मागून कोणीतरी एवढ्या जोरात धरला की नखं आत गेली. "हाथ मत लगा!" नसरीन किंचाळली. तिने मला दाराबाहेर ढकललं, उडी मारून बोर्डापाशी गेली आणि वायरच ओढून काढली. पंखा गरगरत गरगरत थांबला. मग वहिनी एका कुशीवर कलली.

नसरीन कारागिराच्या घरात वाढली होती म्हणून तिला कळलं. नाहीतर त्या दुपारी त्या खोलीतून दोघी गेल्या असत्या.

चाचांनी अनवाणी पळत जाऊन ऑटो आणला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

दादाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की सुनीताची तबियत बिघडली आहे. तो संध्याकाळी आला तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर चाचा, नसरीन आणि मी बसलो होतो. त्याने चाचांकडे पाहिलं. चाचांनी त्याचे दोन्ही हात धरले. "काऊन?" दादा म्हणाला. "काऊन, चाचा? कशानं?" आणि कोणी सांगायच्या आत त्याचं त्यालाच कळलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहिलं. मी ते पाहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलीस आले. मोटर उघडली तेव्हा तिची वायर एका जागी पत्र्याच्या कडेवर घासून सोलली गेली होती, नखाएवढी. बोर्डाला तिसरं भोक नव्हतं, म्हणजे करंट जमिनीत जायला वाटही नव्हती. घरमालकाने बोर्ड तसाच बसवलेला होता, गल्लीत सगळ्यांकडे तसेच होते. हवालदाराने लिहून घेतलं, अपघात. दादा ती वायर बोटांत धरून बसला होता. हवालदाराला ती त्याच्या हातातून काढून घ्यावी लागली.

वहिनीचे आईवडील जिवतीहून आले. कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. तिची आई रडून रडून गप्प झाली होती. तिने दादाला फक्त विचारलं, "बावा, तुले त कुलर बनवता येते न?" त्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मग तिचे वडील म्हणाले, कोणाला उद्देशून नाही, समोरच्या भिंतीकडे बघत, "दोन जागा आल्या होत्या पोरीले. एक गावातलीच होती. मी म्हनलं, शहरात देऊ, चांद्याले. दाराशी नळ हाय."

स्मशानात खांदा द्यायला सलीमभाई होता. चाचांनी ऐन सीझनमध्ये दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाइकं शटर वाजवून परत जात होती.

मी जूनमध्ये परत गावी जाणार होते. सिंदेवाहीच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं. तेराव्यानंतर आई गावी जायला निघाली तेव्हा मीही पिशवी भरली. आईने पिशवीकडे पाहिलं. "भावाले कोन हाय इथी?" ती म्हणाली. तेवढंच. मी पिशवीतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. अकरावीला मी चंद्रपुरातच नाव घातलं, आणि सकाळी वहिनीच्या चुलीवर वहिनीच्या तव्यावर भाकरी टाकून कॉलेजला जाऊ लागले. मोठं होणं म्हणजे काहीतरी मिळणं असं मी त्या ओसरीवर समजत होते. मला मिळालं ते असं. नसरीनचं लग्न साधेपणाने झालं आणि ती दूर निघून गेली. जाताना ती माझ्या दंडावरून हात फिरवत राहिली, जिथे तिची नखं लागली होती.

आता मला 'बाई' म्हणणारं कोणी राहिलं नाही. कधी कधी बाजारात मागून कोणी दुसऱ्याच बाईला हाक मारतं आणि मी वळते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये दादा दुकानात गेला. सगळ्यांना वाटलं होतं तो हे काम सोडेल. चाचांनी त्याला नुसता पत्रा कापायला दिला, पण तो म्हणाला, मोटर मीच बसवणार. कुलर तयार झाला की सोडायच्या आधी शेवटचं बघणं त्याचं, असं त्याने आपणहून ठरवून घेतलं. एके दिवशी दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्याने कुलरसमोर फरशीवर मगभर पाणी ओतलं. चपला काढल्या. ओल्यात उभा राहिला. सलीमभाई "गजू, नको बे" म्हणत होता. दादाने बटन दाबलं, आणि कुलर सुरू झाल्यावर त्याच्या पत्र्यावर उजवा हात ठेवला. ठेवून तसाच उभा राहिला, बराच वेळ. मग हात काढून म्हणाला, "हा द्या."

सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "देख, हमारे में भी कोई कोई हात लावून पाहते. पर उलटा हात लावते. मागची बाजू. करंट असला तर हात आपोआप झटकला जाते, फेकला जाते. तुझा भाई तळहात ठेवते. पूरा. तळहाताने पकडलं तर सुटत नाई."

मी दादाला विचारलं नाही. त्या वर्षी नाही, त्यानंतरही नाही. चाचा रागावले, शेवटी रडले, त्यांनी दुकानात दोन टेस्टर आणून ठेवले. दादा त्यांच्या समोर टेस्टर लावायचा आणि ते नमाजाला गेले की चपला काढायचा. पुढे चाचाही गेले. गिऱ्हाइकांत मात्र त्याची कीर्ती झाली. गजूभाऊच्या कुलरला शॉक नाही, म्हणून लोक मूलवरून, राजुऱ्याहून येऊ लागले. पाणी ओतून तो उभा राहिला की ते कौतुकाने बघत. एकाने तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. मी तो पाहिलेला नाही.

तो त्या वेळी कुलर तपासतो, की काहीतरी मागतो, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यालाही नाही. त्याने दुसरं लग्न केलं नाही. त्याचे केस पिकले. मी वहिनीच्या वयाची झाले, मग तिच्यापेक्षा मोठी झाले, नोकरीला लागले, माझं लग्न याच गावात झालं, मला मुलगी झाली. वहिनी अजून एकवीस वर्षांचीच आहे.

यंदाचा एप्रिल फार वाईट निघाला. माझ्या मुलीच्या पाठीवर घामोळ्यांनी साल निघाली, ती उभी राहून झोपायचा हट्ट करू लागली. यांनी मला न सांगता दादाला फोन केला. आठवड्याने दादाचा निरोप आला, कुलर तयार आहे. मी ऑफिसातून सुटून दुकानात गेले. सलीमभाई गल्ल्यावर होता, दादा आत. आमचा कुलर मधोमध ठेवलेला. दादाने मला पाहून मान हलवली, मगभर पाणी आणलं आणि फरशीवर ओतलं. चपला काढल्या.

मी काही ठरवून गेले नव्हते. मी माझ्या सँडल काढल्या आणि त्याच्या शेजारी ओल्यात जाऊन उभी राहिले. पाणी पायाला गार लागलं. मी उजवा हात पुढे केला, तळहात.

"काय करून राह्यली तू?" दादा म्हणाला.

"तू जे करून राह्यला तेच."

"सरक तिकडे."

"नाई सरकत. दाब बटन."

"रजू, तुले पोरगी हाय."

"तुले बहीन हाय," मी म्हणाले.

त्याचं बोट बटनावर होतं. सलीमभाई गल्ल्यावरून उठून उभा राहिला होता. दादा माझ्या पायांकडे बघत होता. मग त्याने बटनावरचं बोट काढलं, वाकून पिन ओढली, आणि खाली त्या पाण्यातच बसला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, दवाखान्याच्या पायऱ्यांवरही नाही. त्याला रडता येतही नव्हतं नीट, नुसता घशातून आवाज निघत होता. थोड्या वेळाने तो उठला, सलीमभाईच्या ड्रॉवरमधला टेस्टर शोधला, आणि फरशी कोरडी पुसून आमच्या कुलरला चारी बाजूंनी लावून पाहिला.

"ने," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलीमभाईला फोन केला. तो आधी फोन घेऊन दुकानाबाहेर आला. मग म्हणाला, "कल तुमचा कुलर होता म्हनून. आज सकाळी फिर वही. चपला काढल्या त्याने."

आता ऑफिस सुटलं की मी रोज दुकानात जाते. दादा मला ये म्हणत नाही, जाही म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत एक-दोन कुलर तयार असतात. मी सँडल काढते, तो माझ्याकडे न बघता टेस्टर घेतो. तेवढे कुलर तसे जातात. सकाळपासून मी येईपर्यंत किती गेले, ते मी सलीमभाईला विचारत नाही.